सत्त्याहत्तर मिलिमीटरचा हिशेब

धंतोलीच्या नकाशावर एक चौरस किलोमीटर आखून घ्या. नाग नदीचा पंचशील चौकाजवळचा काठ, काँग्रेसनगरची बाजू, मधले उद्यान, दवाखान्यांच्या रांगा, जुने बंगले, आणि त्या बंगल्यांच्या आवारातल्या लोखंडी जाळी टाकलेल्या विहिरी, असे सगळे त्यात येऊ द्या. नागपुरात वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्याशा चौकोनावर तो पडला तर ११० कोटी लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर १ लाख १० हजार टँकर. दोन मिलिमीटर व्यासाचे थेंब धरून मोजले, तर २६ वर तेरा शून्ये लिहावी लागतील इतके थेंब. एका मोहल्ल्याचा एका वर्षाचा पाऊस हा एवढा आहे.

यातले विहिरीच्या पाण्याला जाऊन मिळते किती? देशातल्या भूजलाचा अंदाज कसा काढायचा याचे नियम केंद्र सरकारच्या समितीने १९९७ मध्ये ठरवून दिले. झिजलेल्या बेसाल्ट खडकासाठी त्यात पावसाच्या ७ टक्के हे प्रमाण दिलेले आहे. सच्छिद्र आणि भेगाळ बेसाल्टसाठी ते १३ टक्के, आणि भेगाच नसलेल्या अखंड खडकासाठी अवघा १ टक्का. आपण ७ टक्के धरू. १,१०० मिलिमीटरचे ७ टक्के म्हणजे ७७ मिलिमीटर. आपल्या चौकोनासाठी ७ कोटी ७० लाख लिटर, तेही सगळी जमीन उघडी असेल तर. सिमेंटचे रस्ते, फरशा, पार्किंग आणि छपरे यांनी तीन चतुर्थांश जमीन झाकली आहे असे मानले, तर सरळ हिशेबाने उरते १९ मिलिमीटर.

या ७७ मिलिमीटरचा मला अनेक वर्षे विचार पडलेला आहे. उभ्या विदर्भाच्या विहिरी, बोअर, संत्र्याच्या बागा आणि उन्हाळ्यातले नदीतले डोह याच पट्टीएवढ्या पाण्यावर तगतात. आणि ही पट्टी मोजणे हे जलशास्त्रातल्या अवघड कामांपैकी एक आहे. का अवघड आहे, ते आकड्यांतूनच कळते.

पावसाचे पाणी तीन वाटांनी जाते. काही नाल्याला लागते, काही बाष्प होऊन परत आभाळात जाते, उरलेले खाली झिरपते. समजा ११०० मिलिमीटरमधून ३०० वाहून गेले, ७२० बाष्प झाले आणि ८० उरले. आता बाष्पाचा अंदाज फक्त दहा टक्क्यांनी चुकला असे धरा. दहा टक्के चूक ही या शास्त्रात चांगली कामगिरी समजली जाते. पण ७२० चे दहा टक्के म्हणजे ७२. मग झिरपा एकतर ८ मिलिमीटर निघेल नाहीतर १५२. दोन्ही उत्तरांत एकोणीस पटींचा फरक, आणि वजाबाकी मात्र दोन्हीकडे बरोबर! मोठ्या रकमांची वजाबाकी करून लहान शिल्लक काढायला गेले की हेच होते. पावसाचे मोजमापही काही निर्दोष नसते. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे. आपल्या एका चौरस किलोमीटरच्या तुलनेत ते पाच कोटींत एक. त्यात वारा असला की काही थेंब तोंडावरूनच उडून जातात. पावसात पाच टक्के चूक झाली तर ती ५५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या ७७ च्या निम्म्याहून जास्त.

म्हणून जगभरचे अभ्यासक वजाबाकीवर न थांबता मातीत पाणी प्रत्यक्ष कसे चालते ते गणिताने मांडू पाहतात. यालाच पाणलोटाचे प्रारूप म्हणायचे. खरे थक्क करणारे आकडे इथून पुढे सुरू होतात.

पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. ओली काळी माती तोच थेंब तासाला एक ते पाच मिलिमीटर या दराने आत घेते. तासाला एक मिलिमीटर धरले तर आभाळातल्या वेगाच्या तुलनेत हा दर ३ कोटी २४ लाख पटींनी कमी आहे. जमिनीच्या एका रेषेवर पाण्याची चाल इतकी बदलते.

चाल बदलते ती चिकणमातीमुळे. विदर्भाच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाचे खनिज भरपूर असते. नागपुरातच अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे, १९७६ पासूनचा. काळ्या मातीचा जितका बारकाईने अभ्यास या संस्थेत झाला तितका देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. स्मेक्टाइटचे कण इतके पातळ पापुद्र्यांचे असतात की एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे पसरले तर ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. आपल्या हिशेबात सात-आठ गुंठे, एका ग्रॅममध्ये! मुठीत शंभर ग्रॅम काळी माती घ्या. त्यात निम्मी चिकणमाती आणि ती बहुतेक स्मेक्टाइट असेल, तर तुमच्या मुठीत नऊ एकर जमीन आहे. त्या मुठीत ३५ ग्रॅम पाणी असेल, तर ते या नऊ एकरांवर पसरल्यावर पाण्याच्या थराची जाडी भरते एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून किंचित कमी. म्हणजे पाण्याचे तीन-चार रेणू एकावर एक. काळ्या मातीतले बरेचसे पाणी असे कणाला चिकटून बसलेले असते. ते वाहते म्हणणेही जिवावर येते.

चिकटलेले पाणी सोडवायला ओढ लागते. ही ओढ पाण्याच्या उभ्या स्तंभाच्या उंचीत मोजता येते. पाऊस थांबून जास्तीचे पाणी उतरले, वाफसा आला, की मातीची ओढ तीनेक मीटर स्तंभाएवढी असते. तेव्हा कपाशीचे मूळ आरामात पाणी पिते. माती वाळत जाते तशी ओढ वाढते आणि १५० मीटरला पोहोचली की झाड सुकते. इतक्या ओढीने अडकलेले पाणी ज्या छिद्रांत असते त्यांचा व्यास असतो मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. हे झाले मातीचे. आता वरच्या हवेचे पाहा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. तेवढे राहू द्या. मे महिन्यातली साधी दुपार घ्या, ४५ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता. अशी हवा मातीतल्या पाण्याला किती ओढते याचे सूत्र आहे, आणि त्याचे उत्तर येते सुमारे २४ किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढे. एव्हरेस्टच्या पावणेतीन पट. खाली जायला गुरुत्वाकर्षण आहे, वर जायला ही चोवीस किलोमीटरची ओढ आहे. ११०० मिलिमीटरमधले सातशेच्या आसपास परत आभाळात का जाते, ते इथे समजते.

या ओढाताणीत एक गोष्ट जमिनीच्या बाजूने आहे. माती कोरडी पडली की पाणी वाहून नेण्याची तिची क्षमताही कोसळते. थोडीथोडकी नव्हे, भिजलेल्या मातीपासून झाड सुकण्याच्या टप्प्यापर्यंत येता येता ती लाखो पटींनी घसरते. वरचा काही बोटांचा थर वाळला की तोच खालच्या ओलीवर झाकण होऊन बसतो. डवरणी केल्यावर ओल टिकते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी समीकरण न शिकवता माहीत आहे.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगा हाताच्या कोपराहून खोल जातात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून सरळ खाली पडतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन तासाला दोन-चार मिलिमीटरवर येते. एकाच शेताचा पाणी घेण्याचा दर जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसराच. शिवाय एक मीटर खोल काळी माती झाडाला मिळेल असे दीडशे ते अडीचशे मिलिमीटर पाणी स्वतःजवळ धरते. आधी ही तहान भागायची, मग खाली काही सुटायचे. म्हणून मृग आणि आर्द्रा चांगली बरसूनही विहिरीत पाणी चढत नाही आणि लोक काळजीत पडतात. जुलैच्या मध्यानंतर एकदम पाणी वर येते. पाऊस आधीही पडत होता. तो मातीच्या खात्यात जमा होत होता.

हा सगळा खेळ एका ओळीत बांधणारे समीकरण लोरेन्झो रिचर्ड्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये मांडले. त्याच्या मुळाशी आहे आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याचा नियम. दिजों शहराला पाणी पुरवता पुरवता त्याने वाळूने भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ मध्ये तो नियम प्रसिद्ध केला. आमच्या नागपूरकरांना आवडेल असा योग असा की, साधारण त्याच सुमारास, १८५५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन मिशनरी नागपूरच्या परिसरातल्या खडकांवर आणि जीवाश्मांवर लिहीत होते. पाणी कसे चालते ते दिजोंमध्ये लिहिले जात होते. ज्यातून चालायचे तो खडक इथे वाचला जात होता. हिस्लॉपचे नाव आज महाविद्यालयामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना फुगलेल्या प्रवाहात तो बुडाला.

त्याने वाचलेला खडक आजच्या प्रारूपांना घाम फोडतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आणि पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरला. सह्याद्रीत त्याची जाडी किलोमीटरांत मोजावी लागते. नागपूरला त्याची पूर्वेची कड येते. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि शहराच्या पूर्वेकडे जावे तसा फार जुना नाइस खडक लागतो. लाव्हाच्या प्रत्येक थराचे डोके बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले असते, पोट घट्ट असते. भेगाळ, सच्छिद्र बेसाल्टमधून पाणी सेकंदाला एक सेंटिमीटर या दरापर्यंत जाऊ शकते. दिवसाला ८६४ मीटर होतात. भेग नसलेल्या घट्ट खडकातून ते वर्षाला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढे सरकते. दोन्हींत १०० कोटी पटींचा फरक, आणि दोन्ही खडक एकाच विहिरीच्या भिंतीत हातभर अंतराने दिसू शकतात. शेजारच्या बोअरला चार इंची पाणी आणि आपल्या बोअरला नुसती धूळ, यात पाणाड्याचा दोष क्वचितच असतो. ज्या गुणधर्माचा अंदाज करायचा तो पावलागणिक कोट्यवधी पटींनी बदलतो, त्याला कुणी काय करावे?

आता हे सगळे संगणकाला सांगू. आपल्या एका चौरस किलोमीटरचे एक मीटर लांब-रुंद तुकडे पाडा: दहा लाख. प्रत्येकाखाली दोन मीटरपर्यंत पाच-पाच सेंटिमीटरचे चाळीस थर: झाली चार कोटी घरे. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत १,७५,६८० मिनिटे असतात. दर मिनिटाला प्रत्येक घरातले पाणी मोजायचे तर सात लाख कोटी वेळा तेच समीकरण सोडवावे लागते. एका माणसाने सेकंदाला एक या गतीने, न झोपता, हातावर हे केले तर सव्वादोन लाख वर्षे लागतील. संगणकाला काही दिवस पुरतात. म्हणजे गणित करणे ही आता अडचण राहिलेली नाही.

अडचण वेगळीच आहे. रीन व्हॅन गेनुख्तेन यांनी १९८० मध्ये मातीचा ओलावा आणि तिची ओढ यांचे नाते सांगणारे जे सूत्र दिले ते आज सर्वत्र वापरतात. त्यात वहनक्षमता धरून मातीचे पाच आकडे लागतात. चार कोटी घरांना पाच-पाच म्हणजे वीस कोटी आकडे. ते आणायचे कुठून? राज्यांच्या मृदा नकाशांचे काम १:२,५०,००० या प्रमाणावर झाले. त्या प्रमाणात आपला एक चौरस किलोमीटर चार मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद ठिपका होतो. ज्या ठिपक्यात नकाशाला मातीचा एखादा प्रकार दाखवता येतो, त्यात प्रारूपाला वीस कोटी आकडे हवे असतात. प्रत्यक्ष खड्डे खणून, नमुने काढून, प्रयोगशाळेत तपासलेले आकडे एखाद्या मोहल्ल्यात दहा मिळाले तरी श्रीमंती समजावी. उरलेल्या जागी अंदाज भरावा लागतो. मग असे होते की वेगवेगळे अंदाज भरलेली शेकडो प्रारूपे नदीचा पूर सारखाच बिनचूक दाखवतात, आणि झिरप्याचा आकडा मात्र प्रत्येकात निराळा निघतो. कीथ बेव्हन आणि अँड्र्यू बिनली या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९२ मध्ये हा प्रश्न उघडपणे पुढे ठेवला, तेव्हापासून प्रामाणिक माणसे एकच प्रारूप चालवून थांबत नाहीत. हजारो चालवतात आणि उत्तराची कक्षा सांगतात. जो सल्लागार पुनर्भरणाचा एकच आकडा दशांशासह देतो, त्याच्याकडे ती कक्षा अवश्य मागावी, असे माझे मत आहे.

वेळेचा तुकडा किती मोठा घेतला यावरही उत्तर उलटते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. त्या पावसाचा साधा हिशेब करू. शंभर मिलिमीटर चार तासांत म्हणजे तासाला २५. जमीन तासाला ५ घेत असेल तर चार तासांत २० आत गेले, ८० वाहिले. आता हाच पाऊस रोजच्या एका आकड्याने प्रारूपाला द्या: शंभर मिलिमीटर चोवीस तासांत, म्हणजे तासाला चारच्या जरा वर. जमीन पाच घेऊ शकते. प्रारूप म्हणेल, सगळे पाणी मुरले, पूर आलाच नाही. आकडेवारी तीच, जमीन तीच, फक्त घड्याळाचा तुकडा वेगळा. आणखी एक गोष्ट यातून दिसते. त्या पहाटे धंतोलीत एकही सिमेंटचा रस्ता नसता तरी काळ्या मातीने ते पाणी पूर्ण पोटात घेतले नसते. सिमेंटने पूर वाढतो हे खरेच. पण नुसते ब्लॉक उखडून असा पूर टळत नाही. नदीला तिची रुंदी द्यावीच लागते.

शहरात आणखी एक पाऊस पडतो, जमिनीच्या आत. नागपूरला पेंच आणि कन्हानवरून रोज ६५ कोटी लिटरच्या आसपास पाणी येते. समजा त्यातले दहा टक्के जुन्या जोडण्यांतून आणि तुटक्या नळांतून जमिनीत गळते. वर्षाचा हिशेब महापालिकेच्या सुमारे २२७ चौरस किलोमीटर हद्दीवर पसरला तर तो भरतो १०४ मिलिमीटर. उघड्या जमिनीवरच्या झिरप्याच्या ७७ पेक्षा जास्त! शहरातल्या विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी दिसते आणि तळघरांत ओल येते, त्यात पेंचच्या धरणातले पाणी किती आणि अंगणातल्या पावसाचे किती, हा प्रश्न म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर काढता येते. ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंत एक जड अणू असतो. मोठ्या धरणात पाणी उन्हात तापत राहते, हलके रेणू आधी उडतात आणि जड अणूंचे प्रमाण किंचित वाढते. विहिरीच्या बाटलीभर पाण्यात ही खूण सापडते. अशीच खूण मुद्दाम मातीत पेरूनही झिरपा मोजला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने पावसाळ्यापूर्वी जमिनीत ट्रिटियम सोडले आणि पावसाळ्यानंतर ते किती खाली सरकले ते पाहिले. महाराष्ट्रातल्या कुकडी आणि गोदावरी-पूर्णा खोऱ्यांतले त्यांचे आकडे पन्नास मिलिमीटरच्या आसपास आले. तिथला पाऊस नागपूरपेक्षा बराच कमी आहे हे लक्षात घेतले, तर आपले ७७ फार चुकीचे वाटत नाहीत.

आभाळातूनही हे पाणी तोलले गेले आहे. मार्च २००२ मध्ये सोडलेले ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर राहून फिरत आणि आपसातले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत. खाली पाणी कमी झाले की गुरुत्वाकर्षण घटते आणि हे अंतर बदलते. त्यावरून २००९ मध्ये निष्कर्ष आला की राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली यांनी सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल गमावले. २०२३ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९३ ते २०१० या काळात जगाने उपसलेले सुमारे २,१५० घन किलोमीटर भूजल समुद्रात गेल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा अक्ष ८० सेंटिमीटरच्या आसपास सरकला, असे त्यात दाखवले आहे. विहिरीवरच्या मोटारींनी पृथ्वीचा आस हलवला. आणि भारताच्या अधिकृत अंदाजानुसार २०२३ मध्ये आपण वर्षाला २४१ घन किलोमीटर भूजल उपसत होतो, जगात सर्वांत जास्त. तरीही या उपग्रहांना आपली विहीर दिसत नव्हती. त्यांचा एक ठिपका दीड-दोन लाख चौरस किलोमीटरचा होता. अख्खा विदर्भ ९७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका ठिपक्यातही पुरता भरत नाही.

सगळ्या खंडांखाली दोन किलोमीटर खोलीपर्यंतचे भूजल वर काढून जमिनीवर पसरले तर १८० मीटर खोल पाणी होईल, असा २०१६ चा अंदाज आहे. त्यातले गेल्या पन्नास वर्षांत पावसाने भरलेले, ताजे, वापरता-भरता येणारे पाणी वेगळे काढले तर खोली उरते तीन मीटर. खाली भरपूर पाणी आहे, बोअर आणखी खोल न्या, असे सांगणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवावेत.

आता विहिरीकडे येऊ, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथे आहे. बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागा फार थोडी. सर्वसाधारणपणे खडकाच्या दोन टक्के. नदीकाठच्या वाळूत ती सोळा टक्क्यांपर्यंत असते. हे दारिद्र्य मोजणाऱ्याच्या मात्र कामाचे आहे. ७७ मिलिमीटर पाणी दोन टक्के पोकळीत उतरले की विहिरीची पातळी चढते ३.८५ मीटर. तेच पाणी वाळूत उतरले असते तर अर्धा मीटरही चढली नसती. उपग्रहाला न दिसणारे, वजाबाकीत बुडणारे, वीस कोटी आकड्यांत हरवणारे ७७ मिलिमीटर आपल्या काळ्या दगडाच्या विहिरीत पन्नास पटींनी मोठे होऊन डोळ्यांसमोर उभे राहतात. विहिरीच्या काठावरून सोडलेली दोरी ते मोजू शकते. अशा शंभर दोऱ्यांचे आकडे मिळाले तर प्रारूप करणारा हजार खोट्या अंदाजांतून नऊशे फेकून देऊ शकतो. संगणक कितीही मोठा आणला तरी हे काम त्याला एकट्याने जमणार नाही.

केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी साधारणपणे वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या विहिरी मोजते. पण मोहल्ल्याचा, नाल्याच्या एका काठाचा हिशेब कळायला एवढ्या विहिरी पुरत नाहीत. धंतोलीपासून जवळच झिरो माइलचा १९०७ चा दगड आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरली आहे, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. जमिनीची उंची इतक्या निगुतीने नोंदणाऱ्या शहरात आपल्या विहिरीतले पाणी किती खोल आहे, हे बहुतेक घरांत कुणी लिहून ठेवत नाही.

म्हणून ज्यांच्या आवारात विहीर आहे, धंतोलीत असो की वरुडला, त्यांना माझी विनंती आहे. तिच्यावर स्लॅब टाकू नका. काठावर रंगाची एक खूण करा, वजन बांधलेली मोजपट्टी घ्या, आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटार सुरू करण्याआधी, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहा. मेअखेरचे अंतर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे अंतर यांची वजाबाकी करा आणि तिला दोन टक्क्यांनी गुणा. पावसाळ्यात विहिरीतून उपसा केला असेल तर परिसराच्या मानाने त्याचाही अंदाज त्यात मिळवा. येणारा आकडा हा तुमच्या जमिनीने त्या वर्षी किती पाणी मुरवले याचा अंदाज असेल. जवळपास गळका नळ असेल तर त्याचीही नोंद करा. दहा वर्षांची अशी वही भूजलाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही द्या. तो ती टाकून देणार नाही.